गटातली ढ मुलगी

४ जुलै

मिळाला! प्रवेश मिळाला! अध्यापक महाविद्यालयाच्या यादीत माझं नाव, आणि पुढे 'इतिहास'.

दुसरा विषयही घ्यावा लागतो, हे खिडकीपाशी कळलं. "भाषेच्या जागा भरल्या. गणित उरलंय," कारकून मान वर न करता म्हणाला. "घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी या." पुढच्या वर्षी मी चाळिशीची होईन. घेतलं!

दहावीला मला गणितात पस्तीस होते. एक कमी नाही, एक जास्त नाही. तेसुद्धा तपासणाऱ्याला दया आली म्हणून असणार.

घरी सगळे खूश. लेक यंदा दहावीला. तिने विचारलं, "आई, तुला येतं का गं गणित?" म्हटलं, "येतं की!" हे खोटं आहे, आणि ते फक्त इथेच लिहून ठेवते.

५ जुलै

शिक्षक व्हायला काय काय लागतं त्याचा कागद मिळाला. हजेरी शेकडा ऐंशी. प्रत्येक विषयाचे सूक्ष्मपाठ. मग खऱ्या शाळेत वीस सरावपाठ. प्रत्येक पाठाचं टाचण — म्हणजे काय शिकवणार, कसं शिकवणार ते आधी लिहून सही घ्यायची. शेवटी दोन अंतिम पाठ, बाहेरच्या परीक्षकांसमोर, प्रत्येक विषयाचा एक. एकात जरी नापास तरी प्रमाणपत्र नाही.

एकात जरी! ती ओळ चार वेळा वाचली. धाबं दणाणलं.

पण कागद घडी करून टेपच्या डबीत ठेवला. सोळा वर्षं मी शाळांचे गणवेश शिवते. दरवर्षी मापं घ्यायला जायचं आणि वर्गाच्या दारात उभं राहायचं. आत शिकवणं चाललेलं असतं आणि मी बाहेर एकेका पोराचे खांदे मोजतेय! मला आत जायचंय. बस, एवढंच.

११ जुलै

आज पहिला सूक्ष्मपाठ झाला, आणि काय गंमत! गणिताच्या गटात आम्ही बारा जण. एकाने सहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी पाचवीतली मुलं व्हायचं. गणिताच्या बाई मागच्या बाकावर. टेबलावरची घंटी त्यांच्या हाताशी. सहा मिनिटं झाली की टण्ण!

पहिला नंबर कंडक्टरचा. हा गृहस्थ नऊ वर्षं बसमध्ये तिकिटं फाडत होता. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून सुटे पैसे काढेल. विषय — अपूर्णांकांचा भागाकार. "खालचा उलटा करायचा आणि गुणायचं! सोप्पं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "का?"

"का म्हणजे? असंच असतं."

"पण असंच का असतं?"

सगळा गट हसला. मला खरंच कळलं नव्हतं हो! मग विचारलं, "आणि भागल्यावर उत्तर वाढलं कसं? भागलं की कमी व्हायला नको?" कंडक्टरला घाम फुटला. टण्ण!

चष्मिस — आमच्यातली सगळ्यात धाकटी, चष्मा नाकावरून सतत घसरतो — टाळ्या वाजवत म्हणाली, "ताई, काय अभिनय करता तुम्ही! अगदी ढ मुलगी!"

मी मान झुकवून नमस्कार केला, नटीसारखा. जीव भांड्यात पडला. पितळ उघडं पडता पडता राहिलं.

१४ जुलै

बाईंनी कंडक्टरला पाठ पुन्हा घ्यायला लावला. तोही नापास. आज तिसऱ्यांदा. आज तो जुन्या तिकिटांचं भेंडोळं घेऊन आला. तीन तिकिटं काढली. "ताई, तीन तिकिटं आहेत. एकेका पोराला अर्धं द्यायचंय. किती पोरं?" आणि फाडायला लागला. टर्र. टर्र. टर्र.

सहा.

तीन भागिले अर्धा — सहा! तुकडे लहान म्हणून संख्या मोठी! चोवीस वर्षं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळे भरून आले, मग शिंक आल्यासारखं केलं.

बाईंनी घंटी वाजवलीच नाही. सहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

२ ऑगस्ट

ढ मुलगी म्हणून माझा फार बोलबाला! ज्याचा पाठ असेल तो म्हणतो, "ताई, तुम्ही पुढच्या बाकावर बसा." आज चष्मिसने दशांश चिन्ह शिकवलं. मी म्हटलं, शून्य पूर्णांक पाच लहान आणि शून्य पूर्णांक पंचवीस मोठा, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. बिचारीचा चष्मा घसरून फळ्याखाली पडला. पण हटली नाही. काच पुसली, फळ्यावर लांबलचक पट्टी काढली, दहा भाग केले, मग एकेकाचे पुन्हा दहा. पट्टी म्हणजे माझ्या घरची! लगेच समजलं.

एक गोष्ट विचित्र आहे. बाई शिकवणाऱ्याकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघत बसतात. माझा अभिनय आवडत असावा!

२० सप्टेंबर

गुणोत्तर. शेकडेवारी. क्षेत्रफळ. सगळं कळतंय! लेकीचं एक उदाहरण अडलं होतं, ते मी सोडवलं. मी! ती वहीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "आई, छान समजावतेस गं." तिकडे हे इस्त्री करत होते, ते म्हणाले, "अहो बाई, आमच्याही विजारीचं बघा जरा, एक पाय लांब आलाय." आला होता खरा. शिवताना लक्ष गणितात होतं.

१७ नोव्हेंबर

खरी शाळा! सरावपाठ सुरू. वर्गात पाऊल टाकलं आणि मागून आवाज आला, "अय्या, या तर मापवाल्या बाई!" दोन पोरींनी सवयीने हात पसरले, माप घेतल्यासारखे. म्हटलं, "आज डोक्याचं माप घेणार आहे." वर्ग खदखदा हसला.

दाराच्या आत होते मी. चाळीस मिनिटं आत.

९ जानेवारी

इतिहासाचे पाठ झकास. गणितात मी टाचण पाठ करते आणि धडधडत उभी राहते. कुणी टाचणाबाहेरचं विचारलं की बोबडी वळते. आज शेवटी कंडक्टरला खरं सांगून टाकावं असं वाटलं. "ऐका ना, मला एक सांगायचंय..." तो चटकन म्हणाला, "ताई, आधी चहा!" आणि निघालाच. चहा संपेपर्यंत माझा धीरही संपला.

कसं सांगणार? सगळे माझ्या अभिनयाचं कौतुक करतात. त्यांना कळलं की ही बया सोंग घेत नव्हती, खरोखरच ढ आहे, तर? हसतील. आणि बाई? बाई मला अंतिम पाठाला बसू देतील का?

११ मार्च

चिठ्ठी उचलली. अंतिम पाठ, गणित, सातवी — अपूर्णांकांचा भागाकार!!

कंडक्टर एवढ्या मोठ्याने हसला की कारकुनाने मान वर केली. पहिल्यांदाच.

१८ मार्च

झाला.

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

परीक्षक जाडजूड, मिशीवाले, पेनाचं टोपण सारखं उघडमीट करणारे. मी पिशवीतून दीड मीटर फीत काढली, गणवेशाच्या कमरेला लावतो ती. "पाव पाव मीटरचे तुकडे हवेत. किती होतील?" कात्री एका पोरीच्या हातात दिली. कचकच कचकच. सहा! फळ्यावर मांडलं.

आणि दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची पोर उठली. "बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? वाढलं कसं?"

माझाच प्रश्न! शब्दन् शब्द माझा! मला इतका आनंद झाला की तिला उचलून घ्यावंसं वाटलं. म्हटलं, "तुझ्यासारखीच एक मुलगी मला माहीत आहे. ती चोवीस वर्षं हाच प्रश्न घेऊन बसली होती." मग तिलाच फळ्याशी बोलावलं, तुकडे मोजायला लावले. आधी दोन-दोन जोडून अर्ध्या मीटरचे — तीन. मग पाव मीटरचे — सहा. "तुकडा लहान झाला, म्हणून जास्त वेळा बसला," ती स्वतःच म्हणाली. मी सांगितलं नव्हतं!

मग पाऊण भागिले एक अष्टमांश. ओघात मी उत्तर लिहिलं आठ. तीच पोर, "बाई, सहा."

जुलै असता तर तिथेच कोसळले असते. आज खडू तिच्या हातात दिला. "मी चुकले. कुठे चुकले ते वर्गाला दाखव." तिने दाखवलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या — तिच्यासाठी. मीही वाजवल्या.

मिशीवाल्यांनी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. बाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या, नाक पुसत. सर्दी झाली असेल.

२२ एप्रिल

पास! दोन्ही पाठ, सगळे पेपर, हजेरी शेकडा ब्याण्णव! यांनी दुकानाच्या दाराला पाटी लावली — 'शिंपीणबाई आता शिक्षिकाबाई. तरीही विजारी मिळतील.' लेक लाजून लाल, आणि मी हसून बेजार.

२९ एप्रिल

कंडक्टर लांबच्या शाळेत रुजू झाला. "माझी टाचणवही घेऊन ठेवा ताई," असा निरोप होता. बाईंनी कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, "वाचा की, मनाई नाही."

तिथेच उभ्या उभ्या उघडली. १४ जुलै. वरच्या ओळीत आम्ही सगळे नेहमी लिहितो तसं, 'उद्दिष्ट — पाठ संपेपर्यंत विद्यार्थ्यांना...' असं असायला हवं होतं. त्याने लिहिलं होतं, 'उद्दिष्ट — पाठ संपेपर्यंत ताईंना भागाकार समजलेला असेल.' खाली बाईंची लाल सही.

चष्मिसची वही काढली. 'ताईंना दशांश समजलेला असेल.' मग बाकीच्या सगळ्या काढल्या. गुणोत्तर — ताईंना. शेकडेवारी — ताईंना. क्षेत्रफळ — ताईंना. अकराच्या अकरा. जुलैपासून.

अभिनय मी करतच नव्हते. ते अकरा जण करत होते.