दोन डाव्या कुशींचे चिलखत

रविवारी सकाळी चहा स्टोव्हवर असताना माझे यजमान रंगनाथ स्वयंपाकघरात हात वर करून उभे राहत आणि मी त्यांच्या काखेखालचे पट्टे आवळत असे. "मी श्वास सोडतो, मग ओढ," असे ते म्हणत. चिलखत एकट्याला घालता येत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळले. आमच्याकडे त्याचे दोनच पत्रे होते, पाठीचा आणि डाव्या कुशीचा. "पाठीला पोलाद आणि छाती उघडी, हे पळणाऱ्याचं चिलखत," असे मी चिडवले की ते हसत, आणि तेवढ्यात चहा उतू जाई.

मी कुमुदिनी रंगनाथ थेटे, वय एकसष्ट, राहणार शरणपूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते. कोणी मला भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. गोंधळ आहे तो फक्त या चिलखताचा.

१. राहते घर व पोस्टातली बचत माझा मुलगा शिरीष याला. परसातला पेरू तोडू नये.

२. यजमानांच्या हातोड्या, कानशी व लहान ऐरण तांबट आळीत जो वापरील त्याला. ते ज्या शाळेत चित्रकला शिकवीत तिला काही देऊ नये. निरोप समारंभात तिथे त्यांचे नाव चुकीचे वाचले.

३. चिलखत. हे कलम लांबेल.

त्याचे चार पत्रे असतात : छाती, पाठ आणि दोन कुशी. यजमान सांगत की पत्रा मध्ये जाड व किंचित फुगीर ठोकतात, म्हणजे तलवारीचा वार त्यावरून घसरतो. आतला कापूस भरलेला अंगरखा दणका सोसतो. जवळून झाडलेल्या गोळीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. आणि तलवार उगारली की उजवी कूस उघडी पडते, म्हणून तिथला पत्रा सर्वांत मोलाचा.

मी या घरात येण्याआधी सासऱ्यांनी वाटणी केली, तेव्हा भांड्यांबरोबर चिलखतही वाटले. पाठ व एक कूस थोरल्या रंगनाथला, छाती व एक कूस धाकट्या जयरामला. निम्म्या चिलखताने कोण वाचणार, असे कोणी विचारले नाही.

१९७४ च्या दसऱ्याला जयरामभाऊजींनी हरसूलहून आपले दोन्ही पत्रे प्रथमच पूजेसाठी आणले. घर पाहुण्यांनी भरलेले होते, पंगत बसली होती. यजमान चारही पत्रे अंगावर चढवू लागले, तो भाऊजींचा कुशीचा पत्राही डावाच निघाला. काखेची खाच, बकलांची बाजू, सगळे डावे. उजवीकडे तो बसेना.

"जयराम, बाबांचा उजवा पत्रा कुठं विकलास?" यजमानांनी सर्वांदेखत विचारले.

"मला दिला तोच आणलाय, दादा," एवढेच बोलून भाऊजी ताटावरून उठले. पत्रे तसेच टाकून गेले ते पुन्हा या घरी आले नाहीत. १९७९ साली ते वारले, त्यानंतर तीन वर्षांनी यजमानही.

यजमानांनी लहानपणी उजव्या पत्र्यावर तलवारीची खूण पाहिली होती म्हणे, आणि ते खोटे बोलणारे नव्हते. पण भाऊजींच्या दोन्ही पत्र्यांच्या कडेला एकच वेलबुट्टी आहे आणि आमचे दोन्ही साधे आहेत. मग परका पत्रा कोणता? कदाचित कोणा पूर्वजाने रणात पडलेल्या दोघांची चिलखते अर्धी अर्धी उचलून आणली असतील. कदाचित भाऊजींनी खरेच विकला असेल. सकाळी मला एक खरे वाटते, दुपारी दुसरे.

भाऊजींची पत्नी लंकाबाई दर संक्रांतीला नागली घेऊन येते. या वर्षी मी तिच्यापुढे पत्रे ठेवले, तर तिने हातही लावला नाही. म्हणाली, "बाई, पत्रे नको मला. माझा मालक चोर नव्हता, येवढं तुमच्या हातानं लिहा. पोराचं लगीन जमतंय आन् ह्याच गोष्टीवर मोडतंय."

मी म्हटले, मला खरे काय ते ठाऊक नाही गं.

"मला ठाव हाय ना," ती म्हणाली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवले होते की जे माहीत नाही त्याखाली सही करू नये. म्हणून भाऊजी चोर नव्हते असे मला लिहिता येत नाही. पण ते चोर होते हेही या घरात कोणाला माहीत नव्हते, आणि तेवढे मात्र भर पंगतीत बोलले गेले.

ती नको म्हणाली तरी चारही पत्रे, पुन्हा वाटणी न करता, लंकाबाईलाच द्यावेत. शिरीष, तुला ते हवे होते हे मी जाणते. माझी मोहनमाळ लंकाबाईच्या होणाऱ्या सुनेला. माझ्या तेराव्याला सगळे नातेवाईक बसले की शिरीषने उभे राहून वाचावे : "जयराम थेटे यांच्यावर पुराव्याशिवाय घेतलेला आळ हे घर मागे घेत आहे." त्याआधी कोणालाही वाढू नये. वाचून झाल्यावर पहिले पान लंकाबाईला वाढावे.

सही : कुमुदिनी रंगनाथ थेटे

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी वाचून सही केली :
१. सुलाबाई झुंबर गांगुर्डे, शिक्षिका
२. गोटीराम लहानू भडांगे, निवृत्त कारकून

नाशिक, ता. ९ फेब्रुवारी १९८४