पाणी न घातलेलं ॲसिड

आई, तुझा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुधाचा थेंब नखावर ठेवून बघायचीस, तूरडाळ चोळून रंग सुटतो का ते पाहायचीस, आणि मी शाळेतून सरळ घरी आले म्हटलं की माझ्या चपलांकडे बघायचीस. तो संशय माझ्यात पुरता उतरलाय, आणि त्यातला सगळ्यात जुना तुझ्यावरच आहे.

अंबरनाथच्या शाळेत तू आम्हाला विज्ञान शिकवायचीस. वर्गात मीही तुला बाईच म्हणायचे. त्या दिवशी टेबलावर वायरला जोडलेला दिवा आणि दोन कार्बनच्या कांड्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तू कांड्या बुडवल्यास, पण दिवा लागला नाही. "आता ॲसिड बघा," म्हणालीस आणि कॅम्प पाच या निर्वासितांच्या वस्तीतल्या दुकानातून आणलेलं शुद्ध ॲसेटिक ॲसिड दुसऱ्या पेल्यात ओतलंस. दिवा ढिम्म. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. शाळा सुटल्यावर बाटली पिशवीत घालून, मला ओढत तू त्या दुकानात गेलीस. गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "निर्वासित म्हणून तुमच्याकडून घ्यावं, तर तुम्ही भेसळ विकता?" फाळणीत सगळं मागे टाकून आलेला तो सिंधी दुकानदार बाटली हुंगून म्हणाला, "बाईजी, माल असली आहे. सील तुमच्यासमोर तोडला ना? यहाँ मेरा नामच माझं दुकान आहे, इतना तो रहने दो." एका गिऱ्हाइकानं हातातली पुडी खाली ठेवली आणि ते निघून गेलं. मला मात्र तुझा अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू पुन्हा प्रयोग मांडलास. दिवा लागेना, तेव्हा "नाहीतरी पाणीच आहे हे!" म्हणत रागानं त्याच पेल्यात डिस्टिल्ड वॉटर ओतलंस. आणि दिवा लागला. मी दारात उभी आहे, तू खुर्चीत बसतेस, दिवा बंद करायचंही तुला सुचत नाही. मग तासाला शांतपणे शिकवलंस: नुसतं ॲसिड वीज नेत नाही, नुसतं शुद्ध पाणीही नेत नाही, पाण्यात ॲसिडचे कण फुटतात, विजेनं भारलेले तुकडे सुटे होतात, आणि ते वीज वाहून नेतात. त्या माणसाबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

रविवारी एकटीच बाहेर गेलीस. आलीस तेव्हा विचारलं, तर पदर खोचत म्हणालीस, "सांगितलं त्याला, चूक माझी होती."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? चहा पाजला."

आई, तू बाहेरचा चहा कधीच पीत नव्हतीस. मावशीकडेसुद्धा आधी भांडं विसळून घ्यायचीस. निर्वासिताच्या दुकानात, फळीवर बसून, तू चहा प्यालीस? मी मान डोलावली, पण त्या दिवसापासून तुझं कुठलंच बोलणं मला पुरतं खरं वाटलं नाही. तू गेलीस तेव्हाही उशाशी बसून मी हाच विचार करत होते, आणि स्वतःचीच चीड येत होती.

तुझे दिवस झाल्यावर मी कॅम्प पाचला गेले. तो गल्ल्यावरच होता, केस पांढरे झालेले. "क्या दूँ, बेटी?" म्हणाला. त्या रविवारी आई इथे चहा प्यायली होती का, एवढंच विचारायचं होतं. मी धुण्याचा सोडा मागितला आणि घरी आले. आता तोही नसेल.

तो नाही म्हणेल याची भीती नव्हती, आई. तू खरंच तो चहा प्यालेली असलीस तर, याची होती.