कोठीतला तपकिरी स्वेटर

५ जानेवारी
ह्यांचे कपडे आज कोठीत जमा केले. वसाहतीचा नियमच आहे, माणूस गेला की त्याच्या वस्तू सगळ्यांच्या. नियम ह्यांनीच सभेत मांडला होता आणि पहिला हात माझा वर गेला होता. तेव्हा अडचण काहीच नव्हती. कोठीवालीनं तपकिरी स्वेटर दोनदा झटकला. मी म्हटलं, हळू. ती म्हणाली, का गं ताई? मी म्हटलं, धूळ उडते.
रडले नाही. वस्तूत जीव अडकवणारी बाई मी नव्हे.

८ जानेवारी
स्वेटर सुतारानं नेला. छान झालं. शेडमध्ये वारा शिरतो, त्याला गरज आहे. त्याचं पोट पुढे आलेलं, त्यामुळे खालची दोन बटणं लागत नाहीत. ह्यांना सगळी लागायची. सहज दिसलं म्हणून लिहिलं.

११ जानेवारी, सकाळी
स्टूल डुगडुगतं म्हणून शेडमध्ये नेलं. सुतारानं उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाला, वहिनी, हे तर भक्कम आहे. मी म्हटलं, बसल्यावर डुगडुगतं. तो बसला. नाही डुगडुगलं. म्हणाला, मग तुमच्या खोलीची फरशी बघायला हवी.
स्वेटरच्या उजव्या खिशात खिळे ठेवतो. हे त्या खिशात चष्मा ठेवायचे. खिळ्यांनी वीण उसवेल, सामाईक मालमत्तेचं नुकसान होईल, असं मी त्याला तत्त्व म्हणून सांगितलं.
संकल्प: उद्यापासून शेडकडे फिरकायचं नाही. दुपारी वाचन. मालमत्तेच्या उगमावरचा जाडा ग्रंथ अर्धा राहिलाय. शाळा चौथीत सुटली, बाकीचं सगळं मी इथल्या वाचनालयातच शिकले. ते वाया घालवायचं नाही.

१२ जानेवारी
शेडमध्ये गेले. दाराची कडी ढिली वाटत होती.

१७ जानेवारी
धुलाईच्या कामाला नाव दिलं. खांद्यांना व्यायाम होतो. पण सुतार स्वेटर धुवायलाच टाकत नाही. म्हणे लोकर आटते. शहाणा माणूस. म्हणजे कॉलरला ह्यांच्या बामाचा वास अजून असेल. हे नुसतं कुतूहल. भुसा नि घाम यांच्याखाली वास किती टिकतो, हा तसा विज्ञानाचाच प्रश्न आहे.

२३ जानेवारी
लेकीचा फोन. ती वसाहत सोडून बाहेर राहते. म्हणाली, आई, सरळ माग ना तो स्वेटर. मी समजावलं, इथं गरज असेल तर वस्तू मिळते, आठवण ही गरज नव्हे. ती म्हणाली, तुमच्या स्वर्गात बाईला नवऱ्याचा एक स्वेटर मिळत नाही होय? मी म्हटलं, आम्ही स्वर्ग मानत नाही. ती हसली. की रडली. लाइन खराब होती.

२९ जानेवारी
सभेत गरज मांडली. थंडी वाजते, स्वेटरसारखं काहीतरी हवं. रंग तपकिरी असला तरी चालेल, असंही म्हटलं. कोठीवालीनं लगेच नवीकोरी शाल आणून खांद्यावर घातली. हिरवी. सगळे इतक्या मायेनं बघत होते की घ्यावीच लागली.
शाल उबदार आहे. तक्रार नाही. टोचते.

९ फेब्रुवारी
फलकावर सूचना: थंडी सरली, सगळे लोकरीचे कपडे कोठीत द्यावेत. नदीपलीकडे नवी वसाहत उभी राहतेय, तिथल्या लोकांकडे काही नाही. त्यांच्यासाठी ट्रक जाणार.
उत्तम. हे असते तर खूश झाले असते. जेवण गेलं नाही, पण ते वांग्यामुळे.

१२ फेब्रुवारी
सुतार दारात आला. स्टूल झालं, कडी झाली, खिडकी झाली, म्हणाला, वहिनी, मी काय दूधखुळा आहे? असाच आणून दिला तर तुम्ही घेणार नाही, म्हणून सभेत विषय मांडतो. गेलेल्या माणसाची एक वस्तू घरच्यांनी ठेवून घ्यावी. मी म्हटलं, छे छे, माझ्यासाठी कशाला. तो म्हणाला, एकमत लागेल, पण याला कोण नाही म्हणतंय.
सभेत कसं वागायचं ते ठरवलं. आधी नको म्हणायचं. लगेच हात पुढे करणं बरं दिसत नाही. मग लोक आग्रह करतील, तेव्हा पुन्हा नको म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा हो. आरशासमोर तिसरं हो म्हणून पाहिलं. बरं जमलं.
कपाटाचा वरचा कप्पा पुसून ठेवला.

१५ फेब्रुवारी
सुतार अडखळत बोलला, पण बोलला. सगळे हात वर. अध्यक्षांनी विचारलं, ताई, तुमचं काय? मी उठले. व्यक्तीपेक्षा वसाहत मोठी, माझ्यासाठी नियम वाकवू नये, म्हटलं. आवाज एकदम स्वच्छ लागला. अगदी ह्यांच्यासारखा. कोठीवालीनं डोळ्यांना पदर लावला. मी खाली बसून वाट पाहत राहिले.
अध्यक्ष म्हणाले, ताईंच्या शब्दाचा आपण मान राखतो. एकमत नाही, ठराव पडला. पुढचा विषय, पाण्याची टाकी.
इथं आग्रह करत नाहीत. पंगतीतसुद्धा नाही. नको म्हटलं की वाढणारा पुढे सरकतो. जन्म गेला इथं, आणि नेमकं आजच ध्यानात राहिलं नाही.
वाटलं, टाकी झाली की परत माझ्याकडे वळतील. टाकीवर खूप बोलले. मग सगळे उठले.

१७ फेब्रुवारी
ट्रक भरायला मदत केली. सुतारानं खिशातले खिळे काढून सगळी बटणं लावून दिली होती. कॉलर हुंगायला मिळाली. लाकडाचा वास आला. बोचकं मीच बांधलं, बाकीच्यांना गाठ नीट बसवता येत नाही. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, सोडा आता, निघायचंय. मी म्हटलं, गाठ बघतेय. तो थांबला बिचारा. मग मी सोडलं.

१८ फेब्रुवारी
अध्यक्ष भेटायला आले होते. वसाहतीत नवीन माणसं येणार आहेत, त्यांना 'माझं-तुझं कसं सुटतं' यावर कोणीतरी अनुभवी माणसानं चार शब्द सांगावेत असं ठरलंय. सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. एकमतानं.
मी लगेच हो म्हटलं.