बदामाएवढ्या जागेतला जाळ

याडी, परवा शाळेत फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता तुझ्या या लेकीच्या छातीतून जाळ उठला आणि मानेपर्यंत घाम फुटला. डिसेंबरचा महिना, पोरं स्वेटर घालून बसलेली, आणि मी पदरानं वारा घेतेय. पुसदच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "रोग नाही बाई हा, मेंदूची गफलत हाय." मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी थक्कच झाले. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा आहे, अंगाचं ऊन-थंड तीच सांभाळते. तिथल्या काही पेशींना बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन लगाम घालून ठेवतं. पाळी जायच्या वयात ते आटलं की त्या पेशी फुगतात, मोकाट सुटतात आणि एक रसायन भरमसाट सोडतात. अंग तापलेलं नसतं, पण मेंदूला वाटतं तापलं, आणि तो बिचारा घाम काढून ते निववायला धावतो. एवढीशी जागा, आणि केवढा तिचा दरारा! मला आठवलीस तू.

तांड्यावर ऐन थंडीत तू चुलीपासून उठून अंगणात पळायचीस. एका दुपारी दंडापर्यंतचा पांढरा चुडा उतरवून, बादलीत हात बुडवून बसलेली दिसलीस. आपल्या बंजाऱ्यांत तो नवरा गेल्यावरच उतरतो, आणि बापू तर शेतात धडधाकट. मी किंचाळले, "काहून काढला वं? बापू मेला काय?"

"आंग पेटून राह्यलं, पोरी. इस्तो ठेवल्यावानी. घडीभर राहू दे नं."

मी राहू दिलं नाही. बी.एड. करत होते ना, शहाणी! साबण लावून चुडा परत चढवला, तुझं कोपर सोललं तरी थांबले नाही. संध्याकाळी गोष्ट बापूंच्या कानावर गेली आणि महिनाभर ते तुझ्या हातचं जेवले नाहीत. चहाडी काकीनं केली असं तू धरून चाललीस, आणि मरेपर्यंत त्या जावेशी बोलली नाहीस. आपल्याच हातून काही पाप घडलं असेल, असंही म्हणायचीस. काही घडलं नव्हतं गं. तुझ्या डोक्यात केवढं अद्भुत चाललं होतं, आणि आम्ही तुझे हात बघत बसलो.

काकी अजून आहे. तुझं नाव निघालं की डोळे पुसते, "मी नाही सांगतलं वं," म्हणते, आणि मी मान खाली घालून चहा ठेवायला उठते. हे कागद तिला वाचून दाखवायची माझी छाती नाही. बापूंना मी सांगितलं होतं.