काळ्या टोकाची ओहोटी

गुरुवार, १९ फेब्रुवारी
दुपारचा दीड

अनाहेरा पोरी,

मी बरी आहे, घोडा बरा आहे, तुझा उजवा मोजा मात्र बरा नाही. काल धुऊन कुंपणावर टाकलास आणि तसाच विसरलीस. घोड्यानं अर्धा चघळला. उरलेला अर्धा पाकिटात घालतेय, उजवा पाय उघडा ठेवून फिर आता.

हे तुझं सहावं पत्र ना? जिथं तंबू ठोकायचा तिथल्या माणसाला सांगायचं, पुढच्या मुक्कामाच्या दुकानात माझ्या नावानं पत्र टाका, मी पोचल्यावरच फोडीन. विद्यापीठात माती शिकायला गेलीस आणि हे खेळ शिकलीस. टाकते बाई. वाइपुऱ्याच्या दुकानात राहेरा बसते, तिच्याकडं माग. तोंडानं फटकळ आहे, पण पत्र देईल. टपालाची गाडी इथं पाचला येते, तोवर लिहायला वेळ आहे. माझी शाळा गावातली, एका खोलीची, तीही सातवीपर्यंत. चुका मोजू नकोस.

तू गेल्यावर हेमी आला होता. तळलेला पाव शिल्लक आहे का विचारत होता. म्हटलं, सात त्या पोरीनं खाल्ले, सायकलला पेट्रोल लागत नाही, तिला लागतं. काल त्यानं तुला विचारलं ना, "इंजिन कुठं बसवलंय?" आणि तू म्हणालीस, "सीटवर बसलंय की." अजून हसतोय तो. माझ्या पाओराचा पुतण्या शोभतो, एकच विनोद महिनाभर पुरवतो. पाओरा असता तर तुला तंबूत झोपू दिलं नसतं. आपली खोली दिली असती आणि रात्रभर शेवंडांच्या पिंजऱ्यांच्या गोष्टी सांगून झोपूही दिलं नसतं. जाऊन चार वर्षं झाली, पण घरात अजून त्याचंच चालतं.

वारा सकाळपासून फिरलाय. आग्नेयेकडून येतोय. फार नाही.

माझ्या खिडकीसमोरचा खडक बुडालाय. जरा लवकरच बुडाला.

आतापर्यंत तू ओहोटीच्या वाटेनं काळ्या टोकाच्या कड्याला वळसा घातला असशील. वाइपुऱ्याची वाळू लागली असेल. खारवलेला मासा दिलाय तो गरम करायची गरज नाही, तसाच खा.

सव्वादोन

राहेराचा फोन आला. "काकू, तुमची सायकलवाली अजून आली नाही. चहा किती वेळा गरम करू?" म्हटलं, तुझा चहा ऐकूनच परत फिरली असेल. ती हसली. मीही हसले.

हेमीला सांगितलं. तो गाडी घेऊन रस्त्यानं वाइपुऱ्याला गेलाय, तिकडून किनाऱ्यानं उलटा टोकाकडं बघत येईल. तुझं चाक कुठं पंक्चर झालं असेल, आणि टोकाकडं फोन लागत नाही. पोरी हल्ली फोनवर बोट फिरवायला शिकतात, टायर काढायला नाही.

आता एक गोष्ट सांगते. फार मोठी नाही, पण सांगते. उन्हाळ्यात, म्हणजे आत्ताही, सगळा देश घड्याळ एक तास पुढं करतो. समुद्र करत नाही. आमच्या स्वयंपाकघरात भरती-ओहोटीचा जो तक्ता लागायचा, तो समुद्राच्या वेळेत असायचा. म्हणून पाओरा उन्हाळ्यात प्रत्येक वेळेत एक तास मिळवून सांगायचा. त्याच्यामागं मी मिळवते. सगळा किनारा मला विचारतो, "काकू, टोकाची वाट कधी उघडी?" मी भिंतीकडं बघते, एक तास मिळवते, सांगते. चार वर्षांत कुणाचा पायसुद्धा भिजला नाही.

या वर्षीचा तक्ता हेमीची बायको गेल्या आठवड्यात गळाचं आमिष विकणाऱ्याच्या दुकानातून घेऊन आली. वर माशाचं रंगीत चित्र आहे. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, उन्हाळ्याचा एक तास आधीच मिळवलेला आहे.

खडक बुडाला तेव्हा मी चष्मा लावून ते वाचलं.

तक्त्यात ओहोटी अकरा वीसची आहे. मी तुला बारा वीस सांगितली. तासभर आधी आणि तासभर नंतर वाट मोकळी असते, हेही सांगितलं. म्हणजे तू टोकापाशी पोचलीस तेव्हा वाट मिटायलाच आली होती. पण तुझे पाय लांब आहेत. धावली असशील.

साडेतीन

पाओराचा होडीवरून बोलायचा रेडिओ अजून स्वयंपाकघरात आहे. होडी विकली, तो विकला नाही. समोर ठेवून लिहितेय. हेमी बोलतो, वाइपुऱ्याचे लाँचवाले बोलतात, सगळं ऐकू येतं.

हेमी म्हणाला, "इकडच्या वाळूवर चाकाची खूण नाही काकू. वाऱ्यानं पुसली असेल. ती पार होऊन गेली असणार, नाहीतर टेकड्यांच्या झुडपात पडली असेल. आम्ही तिथं शोधतो. लाँच नदीच्या मुखाशी पाठवलीय."

टोकाकडं कुणी बघत नाहीये, पोरी.

का बघत नाहीत ते मला माहीत आहे. हेमीनं विचारलं होतं, "किती वाजता निघाली? तुम्ही वेळ काय सांगितलीत?" आणि मी म्हटलं, "अकरा वीस सांगितली. साडेनऊला निघाली." दोन्ही खोटं. त्या हिशेबानं तू वाट मोकळी असतानाच टोक पार केलंस. साडेनऊला तू माझ्या ओट्यावर चौथा पाव खात होतीस. मीच म्हणत होते, बस गं, घाई काय, समुद्र तुझ्यासाठी थांबलाय. तू साडेअकराला निघालीस.

खोटं का बोलले ते लिहिते. माझी मुलगी पर्थला असते. गेल्या वर्षी मी गॅस चालू ठेवून झोपले, मग गाडी खड्ड्यात घातली. तिनं हेमीला सांगून ठेवलंय, आणखी एक घोटाळा झाला की आईला इकडं आणायचं. तिथं तिचं घर सातव्या मजल्यावर आहे. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. मला इथंच मरायचंय, या खडकासमोर. म्हणून तोंडातून साडेनऊ निघालं. निघाल्यावर परत आत घालता येईना.

आणखी एक आहे. तेच मघापासून लिहायचं टाळतेय, गॅस आणि घोडा मध्ये आणून.

तू वाचलं होतंस. सकाळी चहाचा कप घेऊन तक्त्यापाशी उभी राहिलीस, त्या मुंगीच्या ओळीवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "आजी, इथं लिहिलंय एक तास मिळवलेला आहे. मग तुम्ही परत का मिळवताय?"

मी चष्मासुद्धा घेतला नाही. म्हटलं, "विद्यापीठात आता समुद्र पण शिकवतात का? की फक्त मातीच?" हेमीची बायको फिस्सकन हसली. तू लाल झालीस, बोट काढलंस. मग म्हणालीस, "त्यापेक्षा रस्त्यानं जाते." त्यावर मी म्हटलं, "जा की. लाकडाच्या ट्रकच्या मागं मागं धूर खात. तुझ्या पणजीच्या वयाच्या बाया याच टोकाखालून पाठीवर पोतं घेऊन जायच्या."

तू किनाऱ्यानं गेलीस. मला हसवायला जाताना घंटी वाजवलीस.

चारला दहा कमी

लाटा ओट्यावरून ऐकू येतात आता. पूर्ण भरती साडेपाचला.

काल मी तुला त्या दगडाचं सांगितलं होतं. टोकाच्या मधोमध, दोन माणसांच्या उंचीवर, फळीसारखा. पाओरा एकदा अडकला तेव्हा सहा तास वर बसून होता आणि उतरल्यावर म्हणाला, ढुंगणाला शिंपले चिकटलेत, काढ. तू विचारलंस, "सायकल पण मावेल का?" मी म्हटलं, सायकल सोडून दे आणि तू चढ. लक्षात असेल तुझ्या. तुला सगळं लक्षात राहतं, मोज्याशिवाय. पण पाओरा बसला त्या दिवशी वारा नव्हता. आग्नेयेचा वारा असला की त्या दगडावरही पाणी उडतं.

तिथं जायला लाँचच हवी. आणि लाँच नदीच्या मुखाशी आहे, माझ्या साडेनऊमुळं.

रेडिओवर बोललं की सगळा किनारा ऐकतो. राहेरा ऐकते, शाळेचे मास्तर ऐकतात, हेमीची बायको ऐकते, आणि ती संध्याकाळपर्यंत पर्थला कळवते. थांब, पेन खाली ठेवते.

सव्वाचार

बोलले.

म्हटलं, "हेमी, मी रिपेका बोलतेय. मी खोटं बोलले. मी तिला बारा वीस सांगितली. ती साडेअकराला निघाली. टेकड्यांत शोधू नका. ती टोकाखाली आहे, पाओराच्या दगडावर बघा. आणि पोरीची चूक नाही, तिनं मला सांगितलं होतं."

मग हेमी म्हणाला, "दोन तास गेले, काकू." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग लाँचवाल्यांना ओरडला, वळा, टोकाकडं वळा. त्यांनी सांगितलं, लाटा मोठ्या आहेत, चाळीस मिनिटं लागतील. अजून कुणी काही बोललेलं नाही. मी आवाज पूर्ण वाढवून ठेवलाय.

टपालाची गाडी पाचला येईल. मी पत्र देणार आहे. तुला वचन दिलं होतं, आणि तुझ्या नावाचं पत्र दुकानात नसलं तर तू गेलीस असं मीच मानल्यासारखं होईल. राहेराला फोनवर सांगितलंय, पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. रविवारपर्यंत कुणी मागितलं नाही, तर वेलिंग्टनला तुझ्या आईकडं पाठवायचं. राहेरा या वेळी फटकळ काही बोलली नाही.

तक्ता भिंतीवरून काढून पाकिटात घातलाय. खालच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. जपून ठेव. पुढं कुठल्याही मुक्कामावर अशी एखादी म्हातारी भेटली आणि तुला हसली, तर हसू दे तिला. तू ओळीवरचं बोट काढू नकोस.

रेडिओ खरखरतोय. दारात बसून ऐकतेय,

तुझी
रिपेकाआजी