विमानातला कोट

खोडद,
९ नोव्हेंबर २००८

प्रिय प्रज्ञा,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, म्हणून फोन न करता कागद घेतला. पार्सल पोचलं. त्यातून माझ्यासाठी निळी ट्रॅकपँट निघाली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि कमरेला नाडी. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी नाडी लोंबवत जर्मनीत उतरावं असं तुझं म्हणणं आहे. तुझ्या आईसाठी तसलंच काहीतरी आहे. ती त्याला हात लावायलाही तयार नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस, विमानात नऊ तास बसायचं असतं, सैल कपडे बरे. आणि लगेच पुढच्या ओळीत, की विमानतळावर तुझ्याबरोबर ऑफिसमधले चौघं जण येणार आहेत. या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध काय, यावर मी पानभर भाष्य लिहू शकतो. पण तूर्त राहू दे.

मी कोट घालणार आहे. बंद गळ्याचा, बदामी, सयाजी टेलरनं शिवलेला. तुला तो ठाऊक आहे, एकदा पाहिला आहेस. तुझी आई आजीची नऊवारी इरकल काढणार आहे. मी ग्रंथांत पुष्कळ विमानं पाहिली. त्यांत माळ आणि उपरण्यावाचून चढलेला प्रवासी मला आठवत नाही, नाडीवाला तर नाहीच नाही.

कोटाला आता आतून चोरखिसा लावला आहे. सयाजीची रीत अशी, की लांबच्या बाजाराला निघालेल्या माणसाचा ऐवज खिशात ठेवायचा आणि वरून पक्के टाके घालायचे. ते मुक्कामाला पोचल्यावरच उसवायचे. आमचे पासपोर्टही त्यानं तसेच शिवून टाकले आणि मी, विद्वान मनुष्य, तसाच मुंबईला व्हिसाच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट मागितले. कात्री मागावी तर आत कात्री आणायलाच बंदी. शेवटी तुझ्या आईनं भर रांगेत माझ्या छातीशी तोंड नेऊन दातांनी टाके तोडले. मागची माणसं छताकडे बघू लागली. व्हिसा मात्र मिळाला. सयाजीला हे सांगितलं तर म्हणाला, "बघा, टाका न्हाई निसटला माझा." आणि परत शिवायला सुईदोरा घेऊन बसला. त्याला कसाबसा आवरला.

गावातही चर्चा आहेच. परवा कोट घालून बघत ओट्यावर उभा होतो, तर गेणभाऊ आपल्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीकडच्या रानातनं येता येता थांबला. "मास्तर, इमानात बसाया चाललाय का नवरी आणाया?" मी म्हटलं, नवरी बरोबरच आहे. तर म्हणतो, "मंग वाजंत्री तरी लावा की राव."

थट्टा पुरे. या कोटामागची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. छप्पन साली तुझे आजोबा दीक्षा घ्यायला नागपूरला निघाले. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. घरात पांढरा म्हणावा असा एकच सदरा. आजीनं तो रिठ्यानं तीनदा धुतला आणि पितळी तांब्यात निखारे भरून त्याच तांब्यानं इस्त्री केली. डाव्या बाहीवर जरा करपला. आजोबा तो डाग म्हातारपणीही लोकांना दाखवायचे. त्याआधी आपल्यातल्या कुणी स्वच्छ कपडे घालून चावडीपुढून जायचं म्हणजे चार जण अडवून विचारायचे, कुठं निघाली स्वारी. आजोबा म्हणायचे, "वाटंला लागलेल्या माणसाच्या अंगावर समदं घर असतं." तेव्हापासून आपल्या घरातून लांबच्या प्रवासाला कुणीही चुरगळलेल्या कपड्यांत निघालेलं नाही. म्हणून कोट.

आता खरं सांगतो. हा कोट मी पहिल्यांदा घातला तो दोन वर्षांपूर्वी, अवसरीला, तुझ्या कॉलेजच्या निरोप समारंभाला. एसटी उशिरा आली म्हणून शेवटच्या रांगेत बसलो, असं मी तुला सांगितलं होतं. एसटी वेळेवर होती. फाटकातून आत आलो तेव्हा तू मैत्रिणींबरोबर पायऱ्यांवर उभी होतीस. तू मला पाहिलंस, कोट पाहिलास आणि पाठ फिरवलीस. मी झाडाखाली थांबलो आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर आत आलो. याचा राग मुळीच नाही. त्या वयात मीही आजोबांच्या करपलेल्या बाहीपासून चार पावलं लांबच चालायचो.

कोट घालू का, असं विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही; कोट मी घालणारच. मला भीती वाटते ती एवढीच, की तिथलं दार उघडेल, आम्ही दोघं सामानाची गाडी ढकलत बाहेर येऊ, तुझ्या शेजारी ते चौघं असतील आणि तू पुन्हा तशीच वळशील. अवसरीला मी एकटा होतो. या वेळी तुझी आई बरोबर असेल, आणि तिला यातलं काहीही ठाऊक नाही.

तुझाच,
अप्पा