बटणातली पाचर

आबा, ज्या साहेबांवर तुम्ही जन्मभर संशय घेतलात, त्यांच्यातच आता मी बसतो. चाकणच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या यंत्रांचं प्रेस शॉप माझ्याकडे आहे. महिन्यापूर्वी तिथे एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्यानं एका बटणात लाकडाची पाचर मारली होती. एक हात मोकळा राहतो, काम पटापट उरकतं. आता सगळा दोष त्याच्यावर गेला तर त्याची नोकरी जाणार.

लाइन पुन्हा सुरू करताना वरून हुकूम आला, कामगारांचा विश्वास परत मिळवा. मी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं, वडापाव ठेवले, मोकळेपणानं बोला म्हणालो. कोणी वड्याला हात लावला नाही. मलाही एकेकाचा संशय येत होता. हा गप्प का, त्यानं मोबाइल उलटा का ठेवलाय, मागच्या बाकावरच्यांना कोणी पढवून पाठवलंय. तेवढ्यात तुम्ही आठवलात. तुमचा संप मिटला त्या दिवशी कंपनीनं जिलेबी वाटली होती. चिखलीच्या घरात तुम्ही पुडा फळीवर ठेवताय, आम्ही पोरं तुमच्या तोंडाकडे बघतोय आणि तुम्ही म्हणताय, "आदी कशापायी दिली ते कळू द्या, मग खावा." जिलेबीला मुंग्या लागल्या, आईनं ती टाकून दिली. मला तुमचा भयंकर राग आला होता. आठवड्याभरात तुमच्या मशीनवर तासाला काढायच्या नगांचा काउंट वाढवला गेला, तरी माझा राग काही गेला नाही.

शेवटी एक जुना ऑपरेटर उठला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, पाचर कुणी मारली ते इचारताय. तासाचा काउंट कुणी वाढवला, त्ये बी इचारा की."

चौकशी होईल, असं मी म्हणालो. तो मान हलवून खाली बसला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

उद्या मला अहवालावर सही करायची आहे. पाचरीची माझ्यासह कोणत्याही वरिष्ठाला कल्पना नव्हती, असं त्यात लिहिलंय. तुम्ही असतात तर हे पत्र तुमच्या हातात द्यायची माझी छाती झाली नसती. अपघाताच्या आठवडाभर आधी फेरी मारताना मी ती पाचर पाहिली होती. काउंट भरत होता, म्हणून पुढे गेलो.